हिरवळ : एक रब्बी पीक

पुण्यातल्या किंवा नाशकातल्या जुन्या बंगल्यांपुढे ज्याने उभी हयात हिरवळ राखण्यात घालवली, अशा एखाद्या माळ्याला न्यू जर्सीतल्या घरापुढच्या अंगणात नेऊन उभे केले, तर त्याचे हात लगेच कामाला लागतील. परंतु त्याचे पंचांग मात्र पहिल्याच वर्षी चुकेल. त्याचे सारे ज्ञान एका गवताभोवती जमलेले असते आणि ते गवत म्हणजे हरळी. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो त्या याच वनस्पतीचे कोवळे शेंडे. हरळी ही उन्हाची लेक. मृगाच्या सरी पडल्या की ती जमिनीवरून धावत सुटते, पेऱ्यापेऱ्याला मुळे टाकते आणि मार्गशीर्ष-पौषातल्या थंडीत मंदावून, पिवळसर पडून, पुन्हा ऊन तापेपर्यंत स्वस्थ बसते. अमेरिकेच्या ज्या समशीतोष्ण पट्ट्यात हिवाळ्यात जमीन गोठते, बर्फ साचतो आणि वर्षाचा अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळून न जाता बारा महिन्यांत वाटून पडतो, तेथला घरमालक ज्या गवतांवर भिस्त ठेवतो त्यांचा स्वभाव मात्र याच्या नेमका उलटा आहे. ती थंडीची गवते आहेत. उन्हाळा हा त्यांचा संकटकाळ आणि शरद हा त्यांचा खरा हंगाम. हा एक भेद पक्का ध्यानात आला की तिकडच्या हिरवळीची सगळी मशागत आपोआप उलगडत जाते. तो सुटला, तर कितीही पैसा आणि कितीही घाम ओतला तरी ऑगस्टात अंगणाला चट्टे पडल्याशिवाय राहत नाहीत.

ही गवते मुख्यतः तीन घराण्यांतली: केंटकी ब्लूग्रास, रायग्रास आणि फेस्क्यू. यांतले पहिले नावावरून केंटकी राज्याचे मूळ रहिवासी वाटते. वस्तुतः ते युरोपातून वसाहतवाल्यांबरोबर आले आणि त्या राज्यातल्या चुनखडीच्या जमिनीत असे काही रुजले की तेथलेच नाव त्याला कायमचे चिकटले. गहू आणि सातू ही या गवतांची जवळची भावंडे. आपला शेतकरी गहू खरिपात का पेरत नाही, याचे जे उत्तर आहे तेच या गवतांच्या बाबतीतही लागू पडते. १९६६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी उसाच्या पानाचा अभ्यास करून असे दाखवून दिले, की ऊस हवेतला कर्बवायू प्रथम चार कर्बाणूंच्या संयुगात बांधतो आणि मग तो आतल्या पेशींत साठवून कामास लावतो. गव्हासारख्या वनस्पतींत हे पहिले संयुग तीन कर्बाणूंचे असते आणि ही साठवणीची तरतूद नसते. ऊस, मका, ज्वारी आणि आपली हरळी ही चार कर्बाणूंच्या पंथातली, म्हणून ती कडक उन्हात फोफावतात. गहू आणि ही थंडीची गवते तीन कर्बाणूंच्या पंथातली. हवा तापली की त्यांच्या पानांत कर्बवायूच्या जागी प्राणवायूच अधिकाधिक पकडला जातो, मिळकत घटते, श्वसनाचा खर्च वाढतो आणि मुळांत साठवलेल्या शिलकीतून दिवस काढण्याची पाळी येते. अमेरिकेत हरळीला बर्म्युडा गवत म्हणतात. दक्षिणेकडच्या राज्यांत ती हौसेने लावली जाते. न्यू जर्सीतल्या हिरवळीत मात्र ती तण ठरते, कारण शरदात सगळे अंगण हिरवेगार असताना तिचे तेवढे ठिगळ तपकिरी दिसू लागते.

थंडीच्या गवतांची मुळे जमिनीचे तापमान १० ते १८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना सर्वांत जोमाने वाढतात. पात्यांना त्याहून थोडी अधिक ऊब, म्हणजे १५ ते २४ अंश, मानवते. असे दिवस वर्षातून दोनदा येतात, एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. परंतु या दोन हंगामांचे मोल सारखे नाही. वसंतात उगवलेल्या रोपाला दोन महिने पुरते मिळतात न मिळतात तोच जुलैचा ताप त्याच्या माथ्यावर येतो. शरदात उगवलेल्या रोपाला आधी उबदार माती आणि थंड हवा असा दुर्मीळ योग लाभतो, मग हिवाळ्याची विश्रांती मिळते, नंतर सबंध वसंत मिळतो आणि त्यानंतरच त्याच्यापुढे पहिला उन्हाळा उभा राहतो. म्हणून ज्या हिशेबाने आपल्याकडे गहू-हरभऱ्याची पेरणी होते, त्याच हिशेबाने तेथल्या हिरवळीकडे पाहावे, असे माझे या प्रकरणातले मुख्य प्रतिपादन आहे. हिरवळीचे वर्ष भाद्रपदात सुरू होते.

मध्य न्यू जर्सीत घर घेतलेल्या माझ्या एका भाच्याने पहिल्या वर्षी हे वर्ष चैत्रात सुरू केले होते. बर्फ वितळला, शेजारपाजारच्या अंगणांत हिरवी झाक आली, दुकानांच्या दारात बियांच्या आणि खतांच्या पिशव्यांचे ढीग लागले, तेव्हा त्यानेही एप्रिलात बी फेकले, वर खत फेकले आणि मे महिन्यात आलेल्या हिरव्या लोंढ्याची छायाचित्रे मला पाठवली. मी ऑगस्टात तेथे गेलो तेव्हा निम्मे अंगण मातकट उघडे पडले होते आणि उरलेल्या निम्म्यात खेकड्याच्या पायांसारखे जमिनीलगत पसरणारे क्रॅबग्रास नावाचे तण माजले होते. "मामा, सगळा पैसा मातीत गेला हो," असे तो म्हणाला, त्यात हताशपणा होता. पैसा मातीत गेला असता तर चांगलेच झाले असते. तो पात्यांत गेला होता आणि पाती जुलैत जळून गेली होती.

त्या अंगणातल्या एका उघड्या ठिगळाच्या कडेशी बसून आम्ही खुरप्याने गवताचा एक झुपका मुळासकट उचलला. अशी पाहणी प्रत्येक घरमालकाने एकदा तरी करावी, कारण गवताचे रहस्य त्या चिमूटभर झुपक्यात स्पष्ट दिसते. पाती बाजूला सारली की खाली, मातीच्या अगदी लगत, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढुरका गड्डा लागतो. त्यातून खाली मुळे जातात, वर पाती येतात आणि बाजूंना फुटवे फुटतात, जसे ते गव्हाला फुटतात. झाडाझुडपांचा वाढता कोंब शेंड्याला असतो, म्हणून शेंडा खुडला की वाढ खुंटते. गवताचे पाते मात्र नखाप्रमाणे बुडातून पुढे सरकते आणि त्याचा जीव या गड्ड्यात सुरक्षित असतो. चरणाऱ्या गुरांच्या सहवासात युगानुयुगे जगलेल्या या वनस्पतिकुलाने हा बंदोबस्त करून ठेवला आहे आणि गवत कापण्याचे यंत्र केवळ त्याचाच फायदा घेते. आम्ही उचललेल्या झुपक्याची मुळे बोटभर लांबीचीही नव्हती. आदल्या वसंतात अंगण अगदी जमिनीलगत भादरून काढले होते, त्याचा तो परिणाम.

गवत किती उंच राखावे, याबद्दल घरमालकांत जितका हट्ट दिसतो तितका अन्य कशाबद्दलही दिसत नाही. गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ म्हणजे उत्तम हिरवळ, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक पाते हे मुळाचे स्वयंपाकघर आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले क्रायडर यांनी १९५५ साली कुरणाच्या गवतांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत असे आढळले, की पाल्याचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग छाटला तर मुळांची वाढ चालू राहते. परंतु ऐंशी टक्के पाला एकदम छाटला तर एकूण एक मुळाची वाढ बंद पडते आणि सुमारे बारा दिवस बंदच राहते. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, हा जो दंडक आज तेथे सर्वत्र सांगितला जातो तो या निष्कर्षाशी जुळणाराच आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की हिरवळ तीन इंचांवर राखावी आणि ती साडेचार इंच होण्याच्या आत यंत्र फिरवावे. मग मे महिन्यात ही पाळी दर पाच दिवसांनी येवो की जुलैत तीन आठवड्यांनी येवो. वार ठरवून कापणी करणे सोयीचे असले तरी गवताला वार कळत नाहीत. उंच गवताची सावली मातीवर पडते, माती थंड राहते, ओल टिकते आणि तणांच्या बियांना उगवण्यास लागणारा उजेड मिळत नाही. इतके लाभ एका इंचाने मिळतात.

यंत्राच्या पात्याची धार हीदेखील किरकोळ बाब समजू नये. कापणीनंतर दोन दिवसांनी गवताचे एक पान तोडून उन्हात धरावे; टोक स्वच्छ तिरपे कापलेले दिसले तर धार ठीक, आणि ते चिंध्यांसारखे फाटून पांढरट झालेले दिसले तर पाते कानशीने घासण्याची वेळ आली आहे असे समजावे. कापलेला पाला पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवण्याची तेथे पुष्कळ ठिकाणी वहिवाट आहे. तो जागच्या जागी पडू द्यावा, कारण बहुतांश पाणीच असलेला हा पाला काही आठवड्यांत कुजून जातो आणि हिरवळीच्या वर्षाच्या नत्राच्या गरजेपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग फुकट परत करतो.

यंत्रापूर्वी हे काम माणसे लांब दांड्याच्या कोयत्यांनी करीत, आणि दवाने ओले गवत चांगले कापले जाते म्हणून पहाटेपासून करीत. त्यामुळे हिरवळ ही इंग्लंडातल्या जहागीरदारांनाच परवडत असे. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड परगण्यात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव एकसारखी कापण्यासाठी तेथे जे पात्यांचे फिरते रूळ वापरीत, ते पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटले, की हेच यंत्र जमिनीच्या लवेवर का चालवू नये. आणि १८३० साली त्याने गवत कापण्याच्या पहिल्या यंत्राचे पेटंट मिळवले. त्या एका यंत्राने जहागिरीची शोभा मध्यमवर्गीयाच्या अंगणात आणली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन ही सतरा हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी राहिली आणि तेथे घराच्या करारातच गवत नियमित कापण्याची अट घातली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या एका पाहणीनुसार, अमेरिकेतले हिरवळीचे क्षेत्र सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर भरते; म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक. एवढ्या जमिनीवर कोण केव्हा काय टाकतो, हा केवळ ज्याच्या-त्याच्या हौसेचा प्रश्न राहत नाही.

आता हंगामाकडे वळू. ऑगस्टाच्या मध्यावर, बी विकत घेण्याच्याही आधी, पहिले काम मातीच्या नमुन्याचे. अंगणात दहा-बारा ठिकाणी तीन-चार इंच खोलीपर्यंतची माती काढावी, ती स्वच्छ बादलीत एकत्र कालवावी, सावलीत वाळवावी आणि त्यातली मूठ-दोन मुठी माती प्रयोगशाळेकडे पाठवावी. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची अशी प्रयोगशाळा आहे. जो अहवाल येतो त्यात सर्वांत आधी आम्लतेचा आकडा, म्हणजे सामू, पाहावा. आपल्या दख्खनी काळ्या जमिनीत अंगचा चुना असतो, त्यामुळे आम्लतेची चिंता आपल्याला क्वचित करावी लागते. परंतु ज्या प्रदेशात बारमाही पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो तेथे जमीन हळूहळू आंबत जाते. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे १८५६ पासून अखंड चालू असलेला कुरणाचा प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथल्या ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे अमोनियाची खते मिळाली आणि चुना मिळाला नाही, त्यांची माती इतकी आम्ल झाली, की डझनावारी जातींच्या जागी दोन-तीनच जातींची गवते शिल्लक राहिली. हिरवळीला सहा ते सात सामू मानवतो. तो त्याखाली असेल तर अहवालात सांगितलेल्या प्रमाणात चुनखडीची भुकटी टाकावी, आणि नसेल तर शेजाऱ्याने टाकली म्हणून टाकू नये.

दुसरे काम माती मोकळी करण्याचे. वर्षभर मुलांच्या धावण्याने आणि यंत्राच्या चाकांनी दबलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही. त्यासाठी पोकळ दातांचे एक यंत्र अर्ध्या दिवसाच्या भाड्याने मिळते. ते अंगणावर फिरवले की करंगळीएवढ्या जाडीच्या, दोन-तीन इंच लांबीच्या मातीच्या कांड्या वर येऊन पडतात आणि सगळे अंगण काही दिवस विद्रूप दिसते. त्या कांड्या वेचू नयेत. दोन पावसांत त्या विरघळून पसरतात. यंत्र केव्हा फिरवावे हे सांगण्यास आपल्या शेतकऱ्याचा एक शब्द पुरेसा आहे, तो म्हणजे वाफसा. माती चिकटत असेल तर दात भोकांच्या भिंती लिंपून टाकतात आणि ठणठणीत कोरडी असेल तर दात आत शिरतच नाहीत. त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर माझ्या भाच्याने तिसऱ्या दिवशी सकाळी मूठभर माती उचलून दाबली, ती गोळा झाली आणि अंगठ्याने ढकलताच फुटली. तेव्हाच आम्ही यंत्र आणावयास गेलो.

मग बी. ते थेट मातीला टेकेल असे पडले पाहिजे. उभ्या गवतावर भिरकावलेले बी बहुधा पाखरांच्या वाट्याला जाते. भोके पाडल्यावर बी फेकून दंताळ्याची उलटी बाजू हलक्या हाताने फिरवावी आणि पहिले दोन-तीन आठवडे वरची माती दिवसातून एक-दोनदा शिंपडून ओलसर ठेवावी. रायग्रास पाच ते दहा दिवसांत उगवते, उंच फेस्क्यूला एक ते दोन आठवडे लागतात आणि केंटकी ब्लूग्रास दोन ते चार आठवडे वाट पाहावयास लावते. पुष्कळांचा धीर याच काळात सुटतो. परंतु या सावकाश गवतालाच हरळीसारख्या जमिनीखालच्या काशा असतात, त्यामुळे पडलेले खिंडार ते आपले आपण भरून काढते. फेस्क्यू आणि रायग्रास ही झुपक्यांनी वाढणारी असल्यामुळे त्यांना ते तितकेसे साधत नाही. रायग्रासचा एक वाण मुद्दाम सांगण्याजोगा आहे. रटगर्स विद्यापीठातले रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वर्षानुवर्षे तुडवले जाऊनही तगून राहिलेली रोपे गोळा केली आणि त्यांतून १९६७ साली 'मॅनहॅटन' नावाचा वाण दिला. ज्या उद्यानातल्या एका कुरणावर १९३४ पर्यंत खरोखरीची मेंढरे चरत होती, तेथून हिरवळीचे बी यावे यात मोठे औचित्य आहे.

खताची वेळही हीच. आपल्याकडे १०:२६:२६ अशी आकडेवारी छापलेली पोती कोणत्याही खेड्यातल्या खताच्या दुकानात दिसतात. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचा तो क्रम आहे. न्यू जर्सीतल्या हिरवळीच्या खताच्या पिशवीवर मधला आकडा सहसा शून्य असतो आणि त्यामागे कायदा आहे. अंगणांतून वाहून गेलेल्या नत्राने आणि स्फुरदाने बार्नेगाट उपसागरासारख्या उथळ खाड्यांत शेवाळ माजू लागले, तेव्हा २०११ साली त्या राज्याने निर्बंध घातले: माती तपासणीत कमतरता दिसल्याखेरीज स्फुरद देऊ नये, घरमालकाने दर हजार चौरस फुटांस एका वेळी ०.९ पौंडाहून आणि वर्षाकाठी ३.२ पौंडांहून अधिक नत्र देऊ नये. १५ नोव्हेंबर ते १ मार्च या मुदतीत खत मुळीच टाकू नये. पिशवीवर पहिला आकडा २० असेल तर ०.९ पौंड नत्र म्हणजे साडेचार पौंड खत, एवढे त्रैराशिक प्रत्येकाने करावे. मला हा कायदा सर्वस्वी न्याय्य वाटतो, कारण त्यातल्या मर्यादा गवताच्या गरजेहून कमी नाहीत. या नत्राचा मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात द्यावा. त्या वेळी तो पात्यांचा उभार न करता फुटव्यांच्या आणि मुळांच्या कामी येतो.

ऑक्टोबर संपता संपता ओक आणि मेपल यांची पाने एवढी गळतात, की हिरवळ दिसेनाशी होते. पानांचा ओला थर तसाच राहिला तर खालचे गवत गुदमरते; पण ती सगळी गोळा करण्याचीही गरज नसते. कोरडी असताना त्यांवरून यंत्र दोनदा फिरवले की त्यांचा चुरा होऊन गवताच्या फटींत उतरतो. त्यानंतर हिवाळ्यात करावयाचे काम फारसे नाही. शेवटची कापणी नेहमीच्या उंचीवर करावी, कारण फार लांब सुटलेले गवत बर्फाखाली लोळून त्यावर बुरशी धरते. हिम पडून कडक झालेल्या गवतावरून चालू नये, पाती काचेसारखी मोडतात. आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा बर्फ हिरवळीवर ढकलू नये.

वसंतात खरी कसोटी संयमाची असते. पावशाची हाक ऐकून जसा आपला शेतकरी पाभर बाहेर काढतो, तसा तेथला जाणता घरमालक फोर्सिथिया नावाच्या पिवळ्याधमक झुडपाच्या फुलण्याकडे लक्ष ठेवतो. कारण जवळपास त्याच सुमारास मातीचा वरचा थर १३ अंशांपर्यंत तापू लागतो आणि क्रॅबग्रासचे बी जागे होते. हे तण हरळीच्याच उष्ण पंथातले आणि एकाच वर्षाच्या आयुष्याचे. उन्हाळाभर माजते, हजारो बिया टाकते आणि पहिल्या कडक हिमाने मरून जाते. त्याला उगवण्याआधीच रोखणारी औषधे मिळतात. परंतु जे औषध तणाचे बी मारते ते हिरवळीचे बीही मारते, त्यामुळे एकाच एप्रिलात औषधही टाकले आणि बीही पेरले अशी गत अनेकांची होते. शरदात दाट झालेल्या हिरवळीत क्रॅबग्रासला जागाच सापडत नाही, हा त्यावरचा अधिक टिकाऊ उपाय.

याच सुमारास पांढऱ्या फुलांचे क्लोव्हर दिसू लागते आणि घरमालक अस्वस्थ होतो. हे क्लोव्हर आपल्या मेथी-हरभऱ्याच्या कुळातले. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिरवळीच्या बियांच्या मिश्रणात ते आवर्जून घालीत. युद्धानंतर रुंद पानांच्या वनस्पती मारणारे टू-फोर-डी हे औषध बाजारात आले, त्याने तणांबरोबर क्लोव्हरही मरू लागले, आणि जे कालपर्यंत पेरले जात होते त्याची गणना तणांत झाली. ज्या अंगणात मुले अनवाणी खेळत नाहीत आणि मधमाश्यांचे भय नाही, तेथे ते राहू द्यावे असे मी म्हणेन.

उन्हाळ्यातला प्रश्न पाण्याचा. हिरवी राखायची तर हिरवळीला आठवड्याला एक इंच पाणी लागते, पाऊस धरून. हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २,३६० लिटर. आपल्या दुष्काळी तालुक्यातल्या वाचकाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी द्यायचेच असेल तर पहाटे, एक-दोनदाच आणि खोलवर द्यावे. मासळीचे दोन-चार रिकामे डबे अंगणात ठेवून नळ सोडला की इंचभर पाणी साचण्यास किती वेळ लागतो ते कळते. रोज संध्याकाळी थोडेथोडे शिंपडल्याने मुळे वर राहतात आणि रात्रभर ओल्या पात्यांवर बुरशी येते. माझे स्वतःचे मत असे, की जुलैत हिरवळीला तपकिरी होऊ द्यावे. ब्लूग्रास अशा वेळी मरत नाही, सुप्तावस्थेत जाते. पाती वाळतात, परंतु मातीलगतचा तो पांढरा गड्डा जिवंत असतो. दोन-तीन आठवड्यांनी अर्धा इंच पाणी मिळाले तरी तो तग धरतो आणि ऑगस्टअखेरच्या पावसात पुन्हा पालवतो. मात्र या काळात खत देऊ नये आणि त्यावर वर्दळ करू नये.

तपकिरी रंग नेहमीच सुप्तावस्थेचा असतो असेही नाही. सांगली-कोल्हापूरच्या ऊसकऱ्यांना हुमणी ठाऊक आहे. वळवाच्या पावसाबरोबर तिचे भुंगेरे बाभळी-कडुनिंबावर येतात आणि मग मातीतली पांढरी अळी उसाची मुळे खाते. त्याच कुळातला जपानी भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो न्यू जर्सीतच, १९१६ साली, रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत. जुलै-ऑगस्टात तो हिरवळीत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या शरदाच्या तोंडी नेमकी मुळे कुरतडतात. त्या ऑगस्टात भाच्याच्या अंगणातल्या एका चट्ट्याचे गवत मी धरून ओढले, तर ते सतरंजीसारखे गुंडाळत वर आले, खाली मूळच नव्हते. आम्ही कुदळीने बरोबर एक फूट लांब-रुंद चौकोन कापून उलटला आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या मोजल्या, चौदा निघाल्या. चौरस फुटास आठ-दहापर्यंत अळ्या असल्या तर निरोगी हिरवळ त्या सोसते. त्याहून अधिक असतील तरच, आणि तेवढ्याच जागेपुरता, औषधाचा विचार करावा. सबंध अंगणावर दरसाल औषध ओतण्याचे काहीच कारण नाही.

तो चौकोन आम्ही पुन्हा जागच्या जागी बसवला नाही. तेथूनच पुढल्या महिन्यात पेरणीला प्रारंभ केला. दुसऱ्या वर्षी मेमध्ये त्या जागेवरचा एक झुपका उपटून भाच्याने त्याचे छायाचित्र पाठवले. पात्यांचे नव्हे, मुळांचे, आणि ती वीतभर लांब होती. ज्या वाचकांची मुले-भाचे त्या थंड मुलखात घरे घेऊन राहिले आहेत, त्यांनी येत्या एप्रिलात एक निरोप अवश्य पाठवावा: यंत्राच्या पात्याला धार लावून घ्या, कापणी तीन इंचांवर ठेवा आणि बियांची पिशवी ऑगस्टअखेरपर्यंत दुकानातच राहू द्या.